यंदा नवं पान नको : खान्देशातल्या संशोधन-मार्गदर्शकांना खुलं पत्र

प्रति,
रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे मार्गदर्शक प्राध्यापक,
जळगाव, धुळे, नंदुरबार.

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणं मागून. यंदा एकाही विद्यार्थ्याला चांदीचे नॅनोकण, म्हणजे पानाच्या अर्कात बनवलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण, करायला नवं पान देऊ नका. कडुनिंब झाला, तुळस झाली, कोरफड, शेवगा, पपई, सीताफळ झालं. घाणेरी आणि गाजरगवतही सुटलं नाही. सातपुड्यात अजून बरीच झाडं शिल्लक आहेत हे मान्य, पण दरवर्षी एक झाड आणि एक तपकिरी बाटली या हिशेबाने गेलो तर झाडं संपतील आणि आपल्याला कळलेलं काही नसेल.

मी भुसावळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं काम बघते. लघवी, पू, थुंकी, मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांचे स्वॅब हे माझं रोजचं. कुठलं अँटिबायोटिक चालेल आणि कुठलं नाही, हे रोज लिहून द्यावं लागतं, आणि रिपोर्टवरची ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा जंतू) अक्षरं वाढत चाललेली दिसतात. म्हणूनच जंतूंवर चालणाऱ्या कुठल्याही नव्या गोष्टीत मला रस आहे. आजूबाजूच्या महाविद्यालयांतून प्रोजेक्ट प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावणं आलं की मी जाते. तिथे ‘ग्रीन सिंथेसिस’चं, म्हणजे वनस्पतीच्या अर्कात नॅनोकण बनवल्याचं, पोस्टर नाही असं प्रदर्शन मला आठवत नाही.

पोस्टर कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. दहा ग्रॅम पानं धुऊन, चिरून, शंभर मिली पाण्यात उकळली. व्हॉटमन एक नंबरच्या कागदातून गाळली. एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये हा अर्क मिसळला. फिकट पिवळा रंग तासाभरात तपकिरी झाला. यूव्ही-व्हिसमध्ये, म्हणजे प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रात, ४२०-४३० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा आला. मग पेट्री डिशमध्ये ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस, भोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ, शेजारी पट्टी धरून काढलेला फोटो. शेवटी एक वाक्य : अर्कातल्या फ्लॅव्होनॉइड्समुळे (वनस्पतींतल्या एका गटाच्या संयुगांमुळे) चांदीचं रिडक्शन झालं, म्हणजे आयनांची धातू झाली, आणि हे कण प्रभावी जंतुनाशक आहेत. मुलाच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग असतात. त्याने मेहनत केलेली असते, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे, कारण त्यातला एकही शब्द त्या पोस्टरवर सिद्ध झालेला नसतो.

एकेकाळी हेच काम नवं होतं. २००३ मध्ये अल्फाअल्फाच्या रोपांत चांदीचे नॅनोकण तयार झाल्याचं अमेरिकेतून प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिरॅनियमच्या पानांवर आणि २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांवर काम केलं. बोरोहायड्राइड आणि हायड्रॅझीनसारखी जहाल रसायनं टाळून पानांच्या रसात चांदीचे कण बनतात, हे तेव्हा दाखवणं मोठी गोष्ट होती. केळीच्या सालीवरचा पेपरसुद्धा पुणे विद्यापीठातून २०१० मध्येच येऊन गेला. म्हणजे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातलं पोर आज केळीची साल घेऊन उभं राहतं, तेव्हा ते त्या पेपरच्या कितीतरी मागे उभं असतं. तो दोष पोराचा नाही.

आता बाटलीत शिरू. ‘फ्लॅव्होनॉइड्समुळे’ हा शब्द आपण फार सहज लिहितो. क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड घ्या. त्याच्या रेणूतल्या ‘बी’ नावाच्या कड्यावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे कॅटेकॉलची जोडी. ही जोडी दोन इलेक्ट्रॉन देऊन क्विनोन होते. चांदीच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन लागतो, म्हणून एक जोडी दोन आयनांची चांदी करू शकते. पीएच वाढवला की हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन सुटतो आणि काम भराभर होतं. इथवर पुस्तकात आहे. पुढचा हिशेब मात्र पोस्टरवर कधीच दिसत नाही. एक मिलिमोलर द्रावणाच्या शंभर मिलीमध्ये चांदी असते सुमारे १०.८ मिलिग्रॅम. फक्त कॅटेकॉलचा हिशेब धरला तर ती सगळी उतरवायला, म्हणजे आयनांची धातू करायला, क्वेर्सेटिन लागेल १५ मिलिग्रॅमच्या घरात. तुमच्या अर्कात फ्लॅव्होनॉइड्स आहेत किती? ॲल्युमिनियम क्लोराइडची रीत प्रत्येक कॉलेजात करता येते. ४१५ नॅनोमीटरला वाचायचं, क्वेर्सेटिनचा आलेख काढायचा, एका दुपारचं काम. उत्तर जर दोन मिलिग्रॅम आलं, तर उरलेली चांदी कुणी उतरवली?

कुणी उतरवली असेल, हे बारावीच्या मुलालाही सांगता येईल. टॉलेन्स टेस्ट त्याने केलेली असते. ग्लुकोज टाकून टेस्ट ट्यूब गरम पाण्यात धरली की आतून आरसा चढतो. ग्लुकोज चांदी उतरवतं हे आपण स्वतः शिकवतो, आणि पदव्युत्तरला आलेलं तेच मूल साखरेने भरलेला अर्क उकळून श्रेय मात्र फ्लॅव्होनॉइड्सना देतं! अर्कात टॅनिन असतात, क जीवनसत्त्व असतं, प्रथिनं असतात. त्यातलं कोण किती राबलं हे एफटीआयआरचा (रेणूंतले गट ओळखणाऱ्या अवरक्त किरणांच्या चाचणीचा) ३४०० चा रुंद पट्टा सांगत नाही. ओलाव्यातलं पाणीसुद्धा तिथेच दिसतं.

हे तपासायला खर्चिक यंत्रं लागत नाहीत. अर्काचा एक भाग पीव्हीपीपी घालून हलवा, गाळा. पॉलिफिनॉल्स (फ्लॅव्होनॉइड्स त्यांच्यातलेच) त्याला चिकटून निघून जातात. उरलेल्या पाण्यानेही रंग तसाच येत असेल तर फ्लॅव्होनॉइड्सची गोष्ट तिथेच संपली. दुसरा भाग इथाइल ॲसिटेटने वेगळा करा आणि दोन्ही थर स्वतंत्रपणे चांदीवर घाला. ज्याला खरोखर फ्लॅव्होनॉइड्समध्ये रस आहे त्याने पान बाजूला ठेवून शुद्ध क्वेर्सेटिन, रुटिन आणि क्रायसिन आणावं. क्रायसिनच्या बी-कड्यावर हायड्रॉक्सिल नाहीच. क्वेर्सेटिनला जोडी आहे. रुटिनलाही आहे, पण दुसऱ्या कड्यावर साखर लटकलेली आहे. तिघांचा वेग एकाच पीएचला, एकाच तापमानाला मोजा. तीन बाटल्यांत जे कळेल ते तीस पानांतून कळलेलं नाही.

तापमानावरून आठवलं. पोस्टरवर ‘रूम टेंपरेचर’ असं लिहिलेलं असतं. भुसावळच्या मे महिन्यातलं रूम टेंपरेचर आणि जानेवारीतलं रूम टेंपरेचर यांत पंचवीस अंशांचंसुद्धा अंतर पडू शकतं हो! आकडा लिहा. आणि बाटली उन्हात ठेवली होती का तेही लिहा. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत का येतं? जरासा सेंद्रिय अंश असला तरी उजेड त्याला काळवंडवू शकतो. आपल्याकडच्या उन्हात तर बोलायलाच नको. म्हणून शेजारी पानाविना एक बाटली तशाच उन्हात आणि अर्कासकट एक अंधारात, अशा दोन बाटल्या हव्यातच.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला की ते दुधट होतं, कारण क्लोराइड. पानांतही क्लोराइड असतं. एक्सआरडीमध्ये, म्हणजे स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत, चांदीच्या ३८, ४४, ६४, ७७ अंशांच्या रेषांबरोबर २७.८, ३२.२ आणि ४६.२ ला ठसठशीत रेषा येतात. कित्येक पेपरांत त्यांच्यावर फुली मारून ‘अर्कातले सेंद्रिय पदार्थ’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. त्या सिल्व्हर क्लोराइडच्या रेषा आहेत. म्हणजे बाटलीत नुसते चांदीचे कण नाहीत, क्लोराइडही आहे, आणि पुढचा जंतूंचा प्रयोग या मिश्रणावर झालेला आहे.

आता माझ्या घरच्या विषयाकडे येते, म्हणजे प्लेटकडे.

एक मिलिमोलर म्हणजे दर मिलिलिटरला १०८ मायक्रोग्रॅम चांदी. साध्या चांदीच्या आयनाने ई. कोलाय थांबायला बहुतेक वेळा दहा-पंधरा मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर पुरतात. तेव्हा बाटलीत एकही नॅनोकण बनला नाही आणि नुसतं उरलेलं सिल्व्हर नायट्रेट विहिरीत ओतलं, तरी वर्तुळ येणारच. (विहीर म्हणजे आगरमध्ये पाडलेलं भोक. मुलं त्याला वेलच म्हणतात.) कण सेंट्रिफ्यूज करून, दोन-तीनदा धुऊन, वरचं पाणी टाकून दिलं का? धुतल्यावर चांदी किती उरली ते ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर मोजलं का? आणि शेजारच्या विहिरीत तेवढ्याच चांदीचं साधं सिल्व्हर नायट्रेट होतं का? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक प्लेटांत नव्हतं. तिथे होतं स्ट्रेप्टोमायसिनचं डिस्क, आणि खाली ‘नॅनोकण स्ट्रेप्टोमायसिनपेक्षा सरस’. दहा मायक्रोग्रॅमच्या डिस्कशी अर्धवट धुतलेल्या चांदीची तुलना करून कोण सरस ठरणार?

शिवाय वर्तुळाचा व्यास मुळात काय मोजतो? औषध आगरमधून किती पसरलं तेसुद्धा. आयन पसरतो, भोवती पॉलिफिनॉलचं आवरण असलेला कण तितका पसरत नाही. म्हणून वर्तुळ मोठं दिसलं तर तो पुरावा कणांपेक्षा आयनांच्या बाजूचा जास्त असतो. ब्रॉथमध्ये पातळ करत जा, एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा) काढा, मग त्या नळीतून प्लेटवर लावून जंतू मेले की नुसते थांबले ते बघा. ९६ खणांची प्लेट, एक मायक्रोपिपेट, एक रात्र. ई. कोलायची एटीसीसी २५९२२ किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जंतुसंग्रहातली जात घ्या म्हणजे दुसऱ्याला पडताळता येईल. ‘लॅबमधलं कल्चर’ एवढंच लिहू नका. कुठलं, कधी आणलं, कितव्यांदा लावलं, काहीच कळत नाही.

कण आयनांपेक्षा वेगळं काही करतात का, हा प्रश्न मी काढलेला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात चांदीचे कण ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी ई. कोलायवर घातले. तिथे आयन सुटायला वाव नव्हता आणि जंतूंना काही झालं नाही. म्हणजे काम करतो तो सुटणारा आयन, कण हे त्याचं कोठार. यावर अजून वाद आहे आणि असू द्यावा, पण वाद आहे हे आपल्या मुलांना ठाऊक तरी असावं. आयन प्रथिनांतल्या गंधकाला धरतो, श्वसनाची विकरं बंद पाडतो, पेशीच्या आवरणाला भगदाडं पाडतो. ‘नॅनो असल्यामुळे आत शिरतो’ एवढ्या एका ओळीवर भागवू नका.

आणि सगळ्यात खटकतं ते वाक्य : ‘जंतू चांदीला प्रतिकार करू शकत नाहीत.’ करतात. १९७५ मध्येच भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डातल्या साल्मोनेलात चांदीला न जुमानणारी जात नोंदली गेली. त्यामागचे ‘सिल’ जनुक १९९९ मध्ये उलगडले. ते प्लास्मिडवर बसतात, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. भाजलेल्यांना लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन १९६८ पासून वापरात आहे, त्याचा धाक जंतूंना नसता तरच नवल. कणांचंही तेच. २०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या गटाने दाखवलं की कमी मात्रेत पुन्हा पुन्हा गाठ पडली की ई. कोलाय आणि स्यूडोमोनास फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन बाहेर सोडतात, त्याने कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि निकामी ठरतात. यावर त्यांना उपाय सापडला तो डाळिंबाच्या सालीच्या अर्काचा. त्याने फ्लॅजेलिन बनणं रोखलं आणि कण पुन्हा लागू पडले.

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले होते. डाळिंब! साक्रीच्या बाजूला बागा आहेत, साली उकिरड्यावर जातात. वनस्पतीचा अर्क कण बनवायला लागतो एवढंच आपण वीस वर्षं घोकत बसलो, आणि अर्काचा खरा उपयोग जंतूची युक्ती मोडायला होऊ शकतो हे दुसऱ्यांनी दाखवलं. धुळ्यात, जळगावात, नंदुरबारला आज वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नैतिकता समितीची परवानगी काढून रुग्णांमधले जंतू घेतले, तीस-चाळीस दिवस कमी मात्रेत चांदीवर वाढवले आणि दर आठवड्याला एमआयसी मोजली, तर खान्देशातला एम.एस्सी.चा विद्यार्थी असं काही सांगू शकेल जे इतर कुणी सांगितलेलं नाही. त्याला पान लागत नाही, चिकाटी लागते.

पान हवंच असेल तर कारण असलेलं घ्या. पळस घ्या. फाल्गुनात सातपुड्याची उतरण पेटते ती त्याच्या फुलांनी. त्यांचा रंग होळीला अजूनही उकळला जातो. त्या फुलांत ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन असतात. ब्युट्रिनमध्ये बी-कड्यावरच्या कॅटेकॉलच्या जोडीपैकी एका हायड्रॉक्सिलवर ग्लुकोज बसलेलं असतं. जोडीला कुलूप लागलेलं. आम्लाने किंवा विकराने ते ग्लुकोज काढलं तर जोडी मोकळी होते. मग रिडक्शनचा वेग वाढतो का? किती वाढतो? सुटलेलं ग्लुकोज हिशेबातून वगळलं तरी वाढतो का? हा प्रश्न झाला, आणि तो पळसालाच विचारता येतो. कांद्याची वरची साल घ्या. तिच्यात क्वेर्सेटिन बऱ्याच अंशी साखरेविना असतं, पण पाण्यात विरघळत नाही. उकळत बसण्यापेक्षा थोडं इथेनॉल वापरून पाहा, आणि ते वाया न घालवता परत कसं मिळवाल तेही लिहा. खैर घ्या, त्याच्या गाभ्यात कॅटेचिन आहे. पण त्यासाठी उभं झाड तोडू नका, वखारीतला भुसा चालतो.

‘ग्रीन’ या शब्दाची आपण फार स्वस्ताई केलीय. ॲनास्टास आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली, त्यातलं पहिलंच आहे कचरा होऊच न देण्याचं. आणि आपण? पान हिरवं म्हणून प्रयोग हिरवा. मिथेनॉलवर आठ तास सॉक्सलेट (अर्क काढायचं उपकरण) चालतो, तोही हिरवा. प्रयोग संपला की उरलेली चांदी बेसिनमध्ये, तिथून गटारात, तिथून वाघूर, गिरणा, पांझरा आणि शेवटी तापी. पाण्यातल्या बारीक जिवांना चांदी फार कमी मात्रेत मारते. जंतुनाशक म्हणून आपण तिच्यावर जे गुण लिहितो ते नाल्यातल्या आणि शेतातल्या जंतूंना लागू होत नाहीत की काय?

बेसिनजवळ पाच लिटरचा कॅन ठेवा. उरलेलं सिल्व्हर नायट्रेट त्यात ओता, मीठ घाला, पांढरा साका खाली बसेल. कणांचं द्रावण असेल तर आधी फ्यूम हूडखाली सौम्य नायट्रिक आम्लाने कण विरघळवून घ्या, मग मीठ. वर्षाअखेरीस साका वाळवून वजन करा आणि त्यातली चांदी परत मिळवण्याचा प्रयोगच एका विद्यार्थ्याला द्या. फोटो स्टुडिओवाले हायपोमधली, म्हणजे फोटो धुण्याच्या द्रावणातली, चांदी काढून विकायचे. ज्या जिल्ह्यात सराफ बाजाराचं एवढं नाव, तिथे चांदी नाल्यात सोडणं शोभत नाही.

हे सगळं एवढ्या हट्टाने का लिहितेय? एका प्रदर्शनात पारोळ्याकडचे एक वडील मुलीच्या पोस्टरसमोर उभे होते. सगळं कौतुकाने ऐकून घेतलं आणि विचारलं, “बेटा, मंग हाई पानी कसाले वापरानं?” मुलगी म्हणाली, जखमेवर, आणि प्यायलासुद्धा चालतं, नॅचरल आहे. मार्गदर्शक शेजारीच होते, बोलले नाहीत. मी बोलले. चांदीचं पाणी नेमाने पिणाऱ्याची कातडी निळसर-राखाडी होते, त्याला अर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा उतरत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच सांगितलं की दुकानात मिळणारी कोलॉइडल चांदी सुरक्षितही ठरत नाही आणि गुणकारीही नाही. आपल्या पोस्टरवरचं शेवटचं वाक्य घरी जातं, गावात जातं. तिथे त्याला ‘पुढील संशोधन आवश्यक’ असं शेपूट लागत नाही. वडिलांनी मान डोलावली, पण जाताना बाटलीचा फोटो काढलाच.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) सॅम्पल बाहेर पाठवायला पैसे लागतात, नंबर लागेपर्यंत सत्र संपतं. पदोन्नतीला पेपर मोजले जातात, त्यांच्यातलं काय ते कुणी विचारत नाही. पान बदललं की पेपर नवा, हे गणित तुम्ही मांडलेलं नाही. पण २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगानेच काढली. विद्यार्थ्यापुरतं तरी ‘सर, एक पेपर लागतोच’ हे कारण आता उरलेलं नाही. एक मुलगा वर्षभर राबून ‘या अर्कातल्या फ्लॅव्होनॉइड्सनी काही केलं नाही, केलं ते साखरेने’ असं लिहीत असेल तर त्याला पूर्ण गुण द्या. परीक्षक म्हणून माझ्याकडे आला तर मी देईन.

एमआयसीची सोय नसेल तर सांगा. माझ्याकडे रविवारी इन्क्युबेटर अर्धा रिकामा असतो, आमच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, पैसे नकोत. मुलांना शनिवारी दुपारी पाठवा, सोबत धुतलेले कण, चांदी किती आहे त्याचा आकडा, नुसता अर्क आणि तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट द्या. शेवटची बाटली विसरली असेल तर मी प्लेट लावून देणार नाही, मुलांना तसं आधीच सांगून ठेवा.

आपली,
कल्चरच्या टेबलावरची एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ,
भुसावळ